गोथेनबर्ग : परक्यांनी वसवलेले बंदर

२०२५ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघे नवरा-बायको आणि कॉलेजात शिकणारी आमची लेक, असे तिघे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरी पंधरा दिवस राहून आलो. आमच्या थोरल्या आपाचा मुलगा तिथे मोटारी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. पुण्यातल्या नोकरीतून तो तिकडे गेला, त्याला आता सात वर्षे झाली. मुलाचा जन्मही तिकडचाच. "खाला, एकदा येऊन तर बघा," हा त्याचा आग्रह दर ईदला ठरलेला. यंदा लेकीची परीक्षा लवकर आटोपली, थोडी बचत हाताशी होती, आणि जायचे ठरले.

ठरल्यावर नातेवाइकांचे प्रश्न सुरू झाले. काहींचे म्हणणे, युरोपात जायचे तर लंडन-पॅरिस सोडून हे कुठले गाव? दुसरा प्रश्न गंभीर होता. २०२३ साली ऐन बकरी ईदच्या दिवशी स्टॉकहोमच्या मशिदीसमोर, पोलीस बंदोबस्तात कुरआन शरीफ जाळण्यात आले. अशा देशात आपले पैसे घेऊन कशाला जायचे? आपाने मात्र वेगळेच काम सांगितले. "शहर बघाच, पण माझ्या नातवाकडे नीट बघून या. व्हिडिओवर मी उर्दूत काही विचारले की तो आईच्या तोंडाकडे बघतो. दादीचे बोलणे त्याला कळते की नाही, एवढे मला सांगा."

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे आपाचे हे काम आमच्याच विषयाचे होते. पंधरा दिवस शहर पाहताना तो प्रश्न सोबतच फिरत होता, म्हणून या लेखात शहराबरोबर तोही येणार आहे.

दलदलीत उभे राहिलेले शहर

मुंबईहून गोथेनबर्गला थेट विमान नाही. आम्ही आखाती देशात विमान बदलून डेन्मार्कच्या कोपनहेगनला उतरलो आणि तिथून रेल्वेने निघालो. ही गाडी समुद्रावरच्या एरेसुंड पुलावरून स्वीडनमध्ये शिरते. २००० साली खुला झालेला हा पूल पाहण्यासाठी तरी हा मार्ग घ्यावा. पुढे साडेतीन-चार तासांत गोथेनबर्ग येते. स्थानिक लोक त्याला 'गोथेनबर्ग' म्हणत नाहीत. त्यांचा उच्चार साधारण 'यॉतेबॉरी' असा होतो. आमच्या तोंडात तो शेवटपर्यंत नीट बसला नाही आणि भाच्याचा मुलगा प्रत्येक वेळी खुदकन हसत असे.

हे शहर इथेच का वसले, हे नकाशा पाहिल्यावर कळते. चारशे वर्षांपूर्वी स्वीडनचा पश्चिम किनारा जवळपास सगळा परक्यांच्या ताब्यात होता. उत्तरेला नॉर्वे, दक्षिणेला डेन्मार्क, आणि दोन्हींवर डॅनिश राजाची सत्ता. बाल्टिक समुद्रातून बाहेर पडायचे तर वाटेवर डॅनिश लोक कर वसूल करायला बसलेले. स्वीडनला मोकळ्या समुद्राकडे उघडणारी एकच चिंचोळी जागा होती, ती म्हणजे यॉता नदीचे मुख. तिथे १६२१ साली राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने शहराची सनद दिली. मुख्य चौकात त्याचा पुतळा आहे. एका हाताने तो जमिनीकडे बोट दाखवतो, 'शहर इथे वसवा' असे सांगितल्यासारखा.

पण जमीन सगळी चिखलाची, दलदलीची. अशा जागी शहर उभारायचे कसब हॉलंडच्या लोकांकडे होते, म्हणून डच कारागीर आणि व्यापारी बोलावले गेले. कालवे त्यांनी आखले, रस्ते त्यांनी आखले, आणि सुरुवातीच्या नगरसभेत डच माणसांचा मोठा भरणा होता. पाठोपाठ जर्मन आले, स्कॉटलंडचे व्यापारी आले. म्हणजे स्वीडनचे हे बंदर पहिल्या दिवसापासून बाहेरच्या माणसांच्या हातांनी वाढले.

हे कालवे पाहायला 'पाडान' नावाच्या सपाट, उघड्या बोटी आहेत. सुमारे पन्नास मिनिटांची फेरी कालव्यांतून निघून नदीच्या गोदीपर्यंत जाते. काही पूल इतके ठेंगणे की मान खाली घालावीच लागते. एकाचे नाव तर 'चीज किसायची सुरी' असे आहे. तिथे सगळ्यांना बाकावरून उतरून बोटीच्या तळाशी बसावे लागते. आमच्या बोटीत एक थोराड जर्मन गृहस्थ होते. ते मांडी घालून बसले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुम्हाला सवय दिसते!" पंगतीत जेवणाऱ्या माणसांना ही सवय असतेच.

जुन्या कालव्यांपैकी दोन आता बुजवले आहेत आणि त्यांचे रुंद रस्ते झाले आहेत. रस्त्यांच्या नावांत मात्र 'हाम्न' हा शब्द राहिला आहे. हाम्न म्हणजे बंदर. पाणी गेले तरी नाव टिकले.

आम्हा खाडीकाठच्या लोकांना आणखी एक गोष्ट नवल वाटली. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आमच्याकडे होडी कधी काढायची हे भरती ठरवते. ओहोटीला निम्मी खाडी चिखल होऊन पडते. इथे सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा, पाणी धक्क्याच्या त्याच दगडाला टेकलेले.

चहा, चिनी भांडी आणि सुरत

मोठ्या कालव्याकाठी पिवळसर विटांची एक भव्य इमारत आहे. ही स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी आणि वखार. आता त्यात शहराचे संग्रहालय आहे. 'ईस्ट इंडिया कंपनी' म्हटले की आपल्याला इंग्रज आठवतात. स्वीडनचीही अशी कंपनी होती, हे आमच्या लेकीला तिथे गेल्यावरच कळले. १७३१ साली सनद मिळालेली ही कंपनी १८१३ पर्यंत चालली. तिच्या जहाजांनी पूर्वेकडे १३२ सफरी केल्या. तिच्या संस्थापकांत कॉलिन कॅम्पबेल हा स्कॉटिश माणूस होता.

व्यवहार असा चाले. जहाज आधी स्पेनच्या काडिझ बंदरात थांबून चांदी घेई, कारण चिनी व्यापाऱ्यांना चांदीच हवी असे. मग आफ्रिकेला वळसा घालून चीनच्या कँटन बंदरात जायचे आणि चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी भरून परतायचे. एका सफरीला दीड-दोन वर्षे लागत. आलेला बराचसा चहा लिलावानंतर युरोपातल्या इतर देशांत जाई आणि तिथून चोरून इंग्लंडात उतरे. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटांत निळ्या-पांढऱ्या बशा मांडल्या आहेत. त्यांतल्या काही समुद्राच्या तळाशी सापडलेल्या आहेत. १७४५ च्या सप्टेंबरात 'यॉतेबॉरी' नावाचेच जहाज कँटनहून परतताना, घर अगदी दिसत असताना, बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून बुडाले. माणसे सगळी वाचली. या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती इथल्या लोकांनी बांधली आणि २००५ साली ती शिडांवर चीनला निघाली, दोन वर्षांनी परत आली.

बहुतेक सफरी चीनच्या, पण काही थोडी जहाजे हिंदुस्थानातही आली. १७५० मध्ये निघालेले 'यॉथा लेयॉन' हे जहाज सुरतेला थांबून मग कँटनला गेले. त्यावरच्या ब्राड नावाच्या तरुण कर्मचाऱ्याने सुरतेच्या वास्तव्याची नोंदवही लिहून ठेवली. सुरत हे नाव वाचून आम्ही तिथेच थबकलो. मोगल काळात आपले हाजी सुरतेहूनच जहाजात बसत. लोक त्या बंदराला 'मक्केचा दरवाजा' म्हणत. हाजींच्या जहाजांच्या शेजारी एखादे स्वीडिश गलबतही नांगर टाकून उभे असेल, असा विचार मनात येऊन गेला.

कंपनीचे एक संचालक विल्यम चाल्मर्स. वडील स्कॉटिश, जन्म इथला. मरताना त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा गरीब मुलांच्या औद्योगिक शाळेसाठी ठेवला. १८२९ साली सुरू झालेली ती शाळा आज चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून जगभर ओळखली जाते. आम्ही शिक्षक असल्यामुळे त्या दारासमोर थोडा वेळ उभे राहिलो.

संग्रहालयातून बाहेर पडताना एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. डच आले, त्यांचे कालवे उरले. स्कॉटिश आले, त्यांची आडनावे उरली, विद्यापीठ उरले. पण शहरात त्यांची बोली आज कोणी बोलत नाही. दोन-तीन पिढ्यांत सगळे स्वीडिश झाले. बंदराने त्यांना आपले केले, आणि त्यांच्या भाषा घरातल्या घरात विझल्या. आपाचा प्रश्न आम्हाला तिथे नव्याने ऐकू आला.

माशांचे चर्च

कालव्याच्या कडेला टोकदार छपराची, उंच कमानदार खिडक्यांची एक वास्तू दिसते. लांबून कोणीही चर्च म्हणेल. आत शिरल्यावर घंटेऐवजी बर्फावर मांडलेले मासे. नावही 'फेस्केशोर्का', म्हणजे माशांचे चर्च. १८७४ साली बांधलेला हा मासळी बाजार मधली काही वर्षे दुरुस्तीसाठी बंद होता, २०२४ मध्ये पुन्हा उघडला. आत एकही खांब नाही. कॉड, हॅडक, हेरिंग आणि मॅकरेल. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, पाठीवर नागमोडी पट्टे. धुरी दिलेला मॅकरेल आम्हाला फार आवडला. गोड सिरक्यात मुरवलेले हेरिंग मात्र एका घासावर थांबले. इथली कोळंबी बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडून आणतात. ती सोलून पावावर डोंगरासारखी रचतात. आम्ही शाफई असल्याने कोळंबी-खेकड्याची अडचण नव्हतीच.

मुस्लिम कुटुंबाने अशा देशात खायचे काय, हा प्रश्न घरून निघतानाच पडतो. समुद्रकाठच्या गावात मासे असल्यामुळे तो निम्मा सुटतो. फलाफलची दुकाने गल्लोगल्ली आहेत. मांस घेताना मात्र विचारून घ्यावे. स्वीडनच्या कायद्यात जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापता येत नाही, त्यामुळे कोणते मांस घ्यायचे याबाबत तिथले मुसलमान आपापल्या आलिमांना विचारून ठरवतात. 'फ्लेस्क' आणि 'ग्रिस' हे शब्द दिसले की ते डुकराचे मांस, एवढे लक्षात ठेवावे. मुलांच्या चघळायच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते, तेही पाहून घ्यावे.

घरी सूनबाईने कॉडचे तुकडे घेऊन, गावाहून आम्ही नेलेली आमसुले घालून कालवण केले. मासा परका, चव घरची.

दारूबद्दलही एक नवी माहिती मिळाली. थंड देशात दारूचा धुमाकूळ किती असेल असे आपल्याला वाटते. पण या शहराने १८६५ साली दारूविक्री खाजगी नफ्यासाठी न ठेवता एका वेगळ्या संस्थेकडे दिली आणि तिचा नफा नगरपालिकेच्या तिजोरीत जाऊ लागला. पुढे ही 'गोथेनबर्ग पद्धत' म्हणून इतर देशांतही गाजली. आजही स्वीडनमध्ये कडक दारू विकत घ्यायची तर मुख्यतः सरकारी दुकानातच जावे लागते. ती दुकाने शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. दारूबंदी नव्हे, पण दारू गल्लीच्या कोपऱ्यावर हाताशीही नाही.

नदीच्या पलीकडे

नदीच्या उत्तरेला हिसिंगेन बेट आहे. तिथे जायला शहरातून फेरीबोट मिळते. आम्ही गेलो तेव्हा पायी प्रवाशांना तिकीट लागत नव्हते. समोरचा सगळा काठ एकेकाळी जहाजबांधणीच्या कारखान्यांनी भरलेला होता. १९७० च्या दशकात तेलाच्या संकटानंतर नव्या जहाजांची मागणी आटली, जपान-कोरियाशी स्पर्धा जमेना, आणि कारखाने एकेक करून मिटले. हजारो कामगार घरी बसले. एरिक्सबेर्ग कारखान्याची ८४ मीटर उंच नारिंगी क्रेन तेवढी आठवण म्हणून उभी आहे. तिच्या आसपास आता घरे, कचेऱ्या आणि संगणकाच्या कंपन्या आहेत. मालाचे बंदर नदीच्या मुखाकडे सरकले. स्वीडनची निम्म्याहून अधिक कंटेनर वाहतूक आजही इथूनच होते. व्होल्वोचा कारखानाही याच बेटावर. तिची पहिली मोटार १९२७ साली इथून बाहेर पडली. भाचा म्हणतो, जहाजे गेली पण लोखंड घडवणारे हात मोटारींकडे वळले, म्हणून शहर तगले.

हिसिंगेनवरच रामबेर्गेत टेकडीच्या पायथ्याशी २०११ साली उघडलेली मशीद आहे. साधी, नेटकी, मिनार असलेली. ६ जूनला शुक्रवार होता, ईद-उल-अझ्हा होती आणि स्वीडनचा राष्ट्रीय दिवसही. ट्रामवर निळे-पिवळे झेंडे फडफडत होते आणि त्याच ट्राममधून नवे कपडे घातलेली कुटुंबे मशिदीकडे निघाली होती. सोमाली, बोस्नियन, अरब, तुर्क, अफगाण, पाकिस्तानी. आमच्या गावी ईद दुसऱ्या दिवशी होती. कुरबानीचे पैसे भाच्याने आधीच गावी पाठवले होते, कारण तिथे घरी कुरबानी करता येत नाही.

खुतबा अरबीत झाला, मग स्वीडिशमध्ये. बायकांच्या बाजूला भाच्याचा सहा वर्षांचा मुलगा आमच्या मांडीला टेकून बसला होता. आम्हाला स्वीडिश कळत नाही हे पाहून तो हळूच कानात सांगू लागला. "छोटी दादी, वो कह रहे हैं... कि पड़ोसी को भी देना। जो... जो मुसलमान नहीं, उसको भी।" मधेमधे शब्द सापडेना तेव्हा तो थांबे, डोळे मिटून शोधी आणि पुढे जाई. ज्या मुलाला उर्दू येत नाही असे सगळे समजत होते, तो आम्हाला खुतबा समजावून सांगत होता. आपाला सांगायचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. त्याला सगळे कळते. बोलायची वेळच त्याच्यावर कमी येते.

नमाजच्या वेळांबद्दलही सांगायला हवे. जूनच्या सुरुवातीला इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सव्वाचारच्या सुमारास उगवतो. मधली रात्र पूर्ण काळी होतच नाही. इशा आणि फजरसाठी स्थानिक मशिदीचे वेळापत्रक पाळावे लागते. उन्हाळ्यात रमजान आला तर रोजा फार लांबतो, आणि हिवाळ्यात तोच लवकर उरकतो. अल्लाहने ज्याला जिथे ठेवले, तिथली सवय तो करून घेतो.

जाळपोळीच्या घटनेबद्दल आम्ही भाच्याला स्पष्टच विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. "खाला, त्या दिवसांत मला कोणी वाईट बोलले नाही. पण चांगलेही कोणी बोलले नाही. कँटीनमध्ये सगळे हवामानावर बोलत होते. मला तेच जड गेले." मग म्हणाला, "महिनाभराने माझ्या टीममधल्या एका बाईने एकटीला गाठून विचारले, तू ठीक आहेस ना? इथे लोक असे उशिरा आणि हळू बोलतात." शहराची सुमारे सहा लाख वस्ती, त्यात चारांत एकाहून अधिक माणूस परदेशात जन्मलेला. तरीही ईशान्येकडच्या उपनगरांत ट्राम जाते तशी डब्यातली भाषा बदलते, चेहरे बदलतात. नव्याने आलेले एका बाजूला, जुने दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी डोळ्यांना दिसते. हेही शहराचे खरे रूप आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

वाट पाहणारी बाई

सागरी संग्रहालयाजवळ एका उंच मनोऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईचा पुतळा आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या स्वीडिश खलाशांच्या आठवणीसाठी १९३३ साली तो उभारला. स्वीडन त्या युद्धात उतरले नव्हते, तरी त्याची जहाजे बुडालीच. वाऱ्याने तिचा झगा मागे उडतो आहे. आमच्या आजोबांची हयात आगबोटीवर खलाशी म्हणून गेली. आमच्या गल्लीतल्या किती घरांत आज आखातातल्या माणसाची वाट पाहिली जाते! त्या पुतळ्याची गोष्ट आम्हाला कोणी समजावून सांगावी लागली नाही.

याच बंदरातून एकेकाळी स्वीडिश लोकच देश सोडून गेले. १८५० ते १९३० या काळात सुमारे १३ लाख माणसे दुष्काळ आणि गरिबीमुळे अमेरिकेला निघाली, त्यांतली बहुतेक इथून. बोटीने इंग्लंडच्या हल बंदरात, तिथून रेल्वेने लिव्हरपूल, आणि तिथून अटलांटिक पार. तिकडे त्यांनी चर्च बांधली, स्वीडिश वर्तमानपत्रे काढली. पण नातवंडे इंग्रजीच बोलू लागली. ज्या बंदराने परक्यांच्या भाषा पचवल्या, त्याच बंदरातून गेलेल्यांची भाषाही परदेशात अशीच पचली गेली.

बेटे आणि शाळा

एक दिवस ११ नंबरच्या ट्रामने साल्टहोल्मेनला गेलो. तिथून त्याच तिकिटावर बोटीने दक्षिणेकडच्या बेटांवर जाता येते. या बेटांवर खाजगी मोटारी नाहीत. लोक सायकलवर, नाहीतर पुढे पाटी लावलेल्या तीनचाकी मोपेडवर सामान नेतात. बर्फाने हजारो वर्षे घासून गुळगुळीत केलेले करडे कातळ, त्यावर बसून डबा खाल्ला. दोन्से नावाचे एक बेट तर दर्यावर्द्यांचेच. वस्ती थोडी, पण तिथल्या कुटुंबांची मालवाहू जहाजे जगभर फिरतात. मशिदीच्या आवारात बसून बोटींच्या गप्पा मारणारे आमच्याकडचे म्हातारे तिथे सहज रमले असते.

परतल्यावर सूनबाईसोबत मुलाच्या शाळेत गेलो. दुपारचे गरम जेवण सगळ्या मुलांना मोफत, आणि डुकराचे मांस न खाणाऱ्यांसाठी वेगळी सोय. सूनबाईने एक गोष्ट सांगितली. मुलगा स्वीडिशमध्ये मागे पडेल या भीतीने तिने घरात उर्दू जवळपास बंद केली होती. शाळेतल्या बाईंनीच तिला बोलावून सांगितले की घरची भाषा सोडू नका, ती पक्की असेल तर दुसरी लवकर येते. आम्हीही वर्गात हेच पाहत आलो आहोत. उर्दू ज्याची नीट, त्याचे मराठी लवकर सुधारते.

स्वीडनच्या कायद्यात मातृभाषेच्या तासाची तरतूदही आहे. घरात ती भाषा रोज बोलली जात असावी, नगरपालिकेत निदान पाच मुले असावीत आणि योग्य शिक्षक मिळावा, मग पहिलीपासून तो तास मिळू शकतो. भाच्याने मराठी आणि उर्दू दोन्हींची चौकशी केली. मराठीसाठी शिक्षक मिळाला नाही. उर्दूचा अर्ज दाखल झाला आहे. पण आठवड्यातला एक तास हा आधार आहे, भाषा जगते ती घरात.

ज्यांची मुले-नातवंडे दूर देशी आहेत, त्यांना जाण्यापूर्वी काही सूचना. शेंगेन व्हिसासाठी दोन-अडीच महिने आधी धावपळ सुरू करा. रोख पैसे तिथे फारसे कोणी घेत नाही, बस-ट्रामचे तिकीटही कार्डावर किंवा फोनवर. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, विकत घेऊ नका. सार्वजनिक स्वच्छतागृहात फक्त कागद असतो, सोबत पाण्याची छोटी बाटली ठेवा. जूनमध्येही वाऱ्याला गारवा असतो, स्वेटर लागतोच. आणि बॅगेत नातवंडांसाठी मिठाईइतकीच जागा पुस्तकांना द्या.

आम्ही नेलेला उर्दू कायदा आणि मराठी बाराखडीचे चित्रांचे पुस्तक तिथेच ठेवून आलो. आता दर रविवारी आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले की तिकडे अकरा वाजतात. आपा फोन लावते. सुरुवातीला तो आईकडे बघत असे, म्हणून आम्ही सूनबाईला त्या वेळेपुरते दुसऱ्या खोलीत जायला सांगितले आहे. दादी एक पान वाचते, तो एक ओळ वाचतो. गेल्या रविवारी त्याने आपाला फेस्केशोर्काची गोष्ट सांगितली, मासे चर्चमध्ये का राहतात ते. आपाला निम्मीच कळली, पण सगळी उर्दूत होती.